तिसऱ्या वळणावरची पोलादी सपात

मी एक जुनी सपात आहे, पण मला पायात सरकवून कोणी कधी चुलीपुढे शेकत बसलं नाही. मी पोलादाची आहे. वजनाला किलोभर. आमच्या ओल्शांका गावच्या लोकांना सगळ्याच गोष्टींना घरगुती नावं द्यायची खोड, म्हणून मी सपात.

एकाच पायाची सपात कसली, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, आमच्या ट्रॅकवर ज्या मोटारसायकली धावतात त्यांना ब्रेक नसतो. चार स्वार, चार फेऱ्या, आणि वळणं सगळी डावीकडची. वळण आलं की स्वार गाडी आडवी पाडतो, मागचं चाक बाहेर घसरू देतो आणि डावा पाय जमिनीवर टेकून तोल धरतो. नुसता बूट असेल तर पहिल्या फेरीत तळ जाईल आणि दुसरीत टाच. म्हणून बुटाखाली मी. कातडी पट्ट्याने घट्ट आवळलेली.

माझा जन्म एका मोडीत निघालेल्या मोटारीच्या बंपरातून झाला. वीटभट्टीतला वेल्डर तेओफिल याने मला कापलं, तापवलं आणि लाकडी ओंडक्यावर ठेवून ठोकलं. हाच तेओफिल आमच्या करकोचा संघाचा ट्रॅकही राखायचा. संघाच्या बनियनवर करकोचा होता, कारण वीटभट्टीच्या धुरांड्यावर दर वसंतात करकोच्यांची जोडी घरटं करते. ज्याच्यासाठी मला घडवलं तो हिरेक प्लुता, संघाचा कप्तान. तो बूट घेऊन आला तेव्हा तेओफिल म्हणाला होता, "बूट ठेव बाजूला, पाय दाखव. बुटासाठी सपात चांभार करतो." मग त्याने हिरेकचा अनवाणी पाय विटांच्या भुकटीत उमटवून घेतला आणि त्या ठशावरून मला वाकवलं. म्हणून मी दुसऱ्या कोणाच्या पायात कधी बसले नाही, बसणारही नाही.

नऊ हंगाम मी हिरेकच्या टाचेखाली होते. आमचा ट्रॅक लाल, विटांच्या भुकटीचा. दर रविवारी मी त्यावरून इतकी घासली जायचे की तळ उन्हात ठेवलेल्या तव्यासारखा तापायचा. हिवाळ्यात तेओफिल माझ्यावर वेल्डिंगचा नवा थर चढवायचा आणि पुटपुटायचा, हिच्यात आता बंपर कमी आणि मी जास्त. इंजिनांतल्या एरंडेल तेलाचा जळका वास, भाजलेल्या सॉसेजचा धूर, पहिल्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या बायका, हे माझं जग. हिरेक जिंकला की बायका त्याच्या गळ्यात पडायच्या, पोरं माझ्याकडे बोट दाखवायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पण मी तुम्हाला माझं कौतुक सांगायला बसलेली नाही. एका हंगामाचं सांगते. त्यानंतर मी कधी धावले नाही.

त्या वर्षी कपच्या पहिल्याच सामन्यात आमचा चेंदामेंदा झाला. समुद्राकाठच्या एका शहरात गेलो होतो. तिथला ट्रॅक फरशीसारखा कडक. हिरेकला चौतिसावं लागलेलं, डावा घोटा दोनदा मोडून सांधलेला. असल्या ट्रॅकवर ज्याची गाडी वेगवान तो पुढे, आणि आमच्या गाड्या म्हणजे देवाचं नाव घेऊन हाकायच्या. परतीच्या बसमध्ये क्लबचे चेअरमन बोलेस्ता सगळ्यांच्या पुढे, खिडकीशी बसले. उकडलेली अंडी एकट्यानेच खाल्ली. बस ओल्शांकात शिरली तेव्हा म्हणाले, की लोक आपला ट्रॅक आपल्या सोयीने करून ठेवतात, आपणच तेवढे पाहुण्यांसाठी अंगण झाडून ठेवतो.

हे बोलेस्ता वाईट माणूस नव्हते असं लोक सांगतात. असतील. त्यांनी मैदानाला नवी फळ्यांची भिंत दिली, पोरांना स्वेटर दिले. पण त्यांच्या डोक्यात एकदा जिंकायचं घुसलं की बाकी सगळं त्यांना भुकटी वाटायचं. आणि भुकटीवरून माणूस पाय देऊन जातो.

ऑगस्टात रुदाव्का गावाशी आव्हान सामना होता. कप देशाचा असतो, आव्हान सामना गावाचा. नदीपलीकडचं रुदाव्का आणि अलीकडचं आम्ही. बक्षीस काय, तर तांब्याची एक पोचे पडलेली किटली. पण त्या किटलीसाठी सख्ख्या साडूंनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय. रुदाव्काचे स्वार बाहेरच्या कडेने जायचे. वळणावर फळ्यांच्या भिंतीला चिकटून गाडी पळवायची आणि सरळ रस्त्यावर सगळ्यांना मागे टाकायचं, ही त्यांची पद्धत.

म्हणून सामन्याच्या आदल्या दुपारी चेअरमननी फाटक लावून घेतलं आणि तेओफिलला ट्रॅक्टरला नांगर जोडायला सांगितलं. तिसऱ्या वळणाची बाहेरची कड वीतभर खोल नांगरायची, पाणी मारायचं आणि वरून कोरडी भुकटी पसरायची. दिसायला सपाट, आत लोण्यासारखं. आपली माणसं आतून जातील, पाहुणे बाहेरून जातील आणि रुततील. हा प्रकार आमच्याकडे नवा नव्हता. थोडंफार सगळेच करतात, मागच्या दाराने, हसत हसत. पण वीतभर कोणी करत नाही. तेओफिलने तसं बोलून दाखवलं. चेअरमन म्हणाले, "तुला ट्रॅक राखायला ठेवलाय तेओफिल, पापपुण्य मोजायला नाही." तेओफिलने नांगर जोडला.

आता रीत सांगते, कारण सगळं त्या रीतीवर अडलंय. शर्यतीआधी पंच आणि यजमान कप्तान ट्रॅकवरून एक फेरी चालतात. कप्तान डाव्या पायात सपात घालून जागोजागी टाच दाबतो. भुकटी किती धरते, किती सोडते, ते पोलाद सांगतं. फेरी संपली की कप्तान म्हणतो "धावण्याजोगा", आणि पंच सही करतो. पंचाच्या बुटाला काय कळणार? तो कप्तानाच्या शब्दावर जातो.

त्या रविवारी आम्ही चाललो. पहिलं वळण, दुसरं वळण, समोरचा सरळ रस्ता. पंच आतल्या कडेने चालत होता आणि आपल्या जावयाच्या मधमाश्यांची गोष्ट सांगत होता. तिसऱ्या वळणावर हिरेकने टाच दाबली आणि मी घोट्यापर्यंत आत गेले. गार, ओलं, मऊ. मी पोलाद असूनही मला खाली आधार सापडला नाही. हिरेक थांबला. पंच दोन पावलं पुढे गेला होता. आणि मग हिरेकने मला वर काढलं आणि झाडूसारखं डावीउजवीकडे फिरवलं. माझ्याच तळाने त्याने भुकटी ओढून ते भोक बुजवलं.

शेवटी तो म्हणाला, "धावण्याजोगा."

मित्रांनो, नऊ वर्षांत मी लाखभर वेळा जमिनीवर घासले असेन. तेवढं एक घासणं मला लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत त्याने संघाला हळूच सांगितलं. तिसऱ्यावर आत राहा, भिंतीकडे जाऊ नका, खाली काही नाही. पाच जणांनी माना हलवल्या. सहावा, राखीव स्वार लेओन गायदा, तिथे नव्हता. त्याच्या गाडीचा क्लच धरत नव्हता म्हणून तो मागच्या शेडमध्ये पालथा पडून नट आवळत होता. हिरेकने एकदा दारातून हाक मारली. उत्तर आलं नाही. तेवढ्यात बँड वाजला, स्वारांनी रांगेने लोकांपुढे जायची वेळ झाली, हातात कार्नेशनची फुलं आली. नंतर सांगू, असं त्याला वाटलं. नंतर तो आपल्या शर्यतीत गुंतला.

रुदाव्काची दोन माणसं तिसऱ्या वळणावर रुतली, गाडी बंद पडली, शिव्या घालत ढकलत परत गेली. लोक हसले. चेअरमन बोलेस्ता पहिल्या रांगेत काकडीचं लोणचं खात होते. हिरेकने चौदा गुण काढले. अकराव्या शर्यतीत एका स्वाराला ताप भरल्यासारखं झालं म्हणून त्याच्या जागी लेओनला उतरवलं.

लेओनला मी ओळखायचे. बोलका गडी. दर शर्यतीआधी माझ्यावर टिचकी मारायचा आणि हिरेकला म्हणायचा, तुझी बायको आज रुसलेली दिसते. त्या दिवशीही मारली, आणि आपल्या पुढच्या शर्यतीच्या गडबडीत हिरेकचं तेव्हाही सांगायचं राहिलं. मग सुरुवातीची दोरी वर गेली, चारही गाड्या सुटल्या. लेओन दुसरा होता. तिसऱ्या वळणावर त्याला बाहेरून मोकळी जागा दिसली. मोकळी असणारच, कारण ज्यांना माहीत होतं त्यातला कोणी तिकडे जात नव्हता. तो पूर्ण वेगात गेला. मागचं चाक रुतलं, मग एकदम पकडलं, गाडीचं तोंड आभाळाकडे झालं आणि लेओन त्या नव्या फळ्यांच्या भिंतीवर जाऊन आदळला.

दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्याबद्दलची म्हण तुम्हाला पाठ असेल. म्हणीत खणणारा पडतो. ट्रॅकवर तसं होत नाही. ट्रॅकवर ज्याला कोणी सांगितलं नाही तो पडतो.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रुग्णवाहिका निघून गेली, फळी बदलली, आणि उरलेल्या शर्यती झाल्या. आम्ही सेहेचाळीस विरुद्ध चव्वेचाळीस जिंकलो. लोकांनी हिरेकला खांद्यावर घेतलं, हवेत उडवलं, तीन वेळा, आमच्याकडे तसं उडवतात. मी त्याच्या पायातच होते. वर गेलं की धुरांडं दिसायचं, करकोचे दिसायचे. खाली आलं की हात. हिरेक हसत होता, पण तिसऱ्या वळणाकडे तोंड झालं की डोळे मिटून घेत होता. ते कोणाला कळणार?

दोन आठवड्यांनी तो इस्पितळात गेला. मी नव्हते, पण तेओफिलला त्याने सांगितलेलं मी कपाटातून ऐकलं. लेओनने विचारलं होतं की मी चुकलो का, रेस जास्त दिली का. आणि हिरेक म्हणाला होता, होतं असं कधीकधी. तेओफिलने हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे नांगर मी धरला, माती तू ओढलीस, आणि चूक लेओनची. चांगली वाटणी झाली." त्या दिवशी त्याने माझ्यावर थर चढवायला नकार दिला. म्हणाला, हिला अशीच झिजू दे.

ऑक्टोबरात क्लेमेन्सच्या आठवणीची शर्यत असते. यात संघ नसतात. सोळा स्वार, प्रत्येक जण आपल्यापुरता. क्लेमेन्स हा आमच्या संघाचा पहिला कप्तान. एकोणीस वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर गेला. हिरेक पोरसवदा असताना त्याच्यामागे धावायचा. ही एकच शर्यत हिरेकला जिंकायची होती. तीनदा दुसरा आला होता. हा शेवटचा हंगाम, हे त्याने घरी सांगून टाकलेलं.

चेअरमनना ते माहीत होतं. शुक्रवारी पुन्हा फाटक लागलं. पुन्हा नांगर. आणि या वेळी त्यांनी हिरेकला बाजूला घेऊन सांगितलं, की पंधरा जणांना ते वळण माहीत नाही, तुला एकट्याला माहीत आहे, याला भेट समज. हिरेक काहीच बोलला नाही. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. न बोलणं म्हणजेच हो असतं, हे मोठ्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. तुम्हीही शिकून ठेवा, म्हणजे पुढे फसणार नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी सगळे स्वार स्मशानभूमीत जातात, काचेच्या दिव्यात मेणबत्ती लावून क्लेमेन्सच्या कबरीवर ठेवतात. हिरेकच्या पिशवीत मी होते. क्लेमेन्सची आई, स्तेफान्या काकू, तिथे दरवर्षी घडीच्या स्टुलावर बसते. ऐंशी पार केलेली. खसखशीचा केक आणते, प्रत्येक स्वाराला तुकडा देते आणि कप्तानाला दरवर्षी एकच प्रश्न विचारते.

"ट्रॅक कसा केलाय रे यंदा?"

आणि कप्तान म्हणतो, सपाट आहे काकू. नऊ वर्षं हिरेक तेच म्हणत आला होता. प्रार्थनेसारखं झालेलं. कोणी लक्षही देत नसे.

त्या सकाळी तो बोललाच नाही. हातात केकचा तुकडा धरून उभा. मागे पंधरा जण दिवे घेऊन खोळंबलेले. म्हातारीने वर पाहिलं.

"ऐकू कमी येतं मला, पण इतकंही नाही," ती म्हणाली. "काय म्हणालास?"

"अजून चालून पाहिला नाही, काकू."

"मग पाहा. माझ्या पोराच्या वेळी कोणी पाहिला नव्हता." आणि तिने पुढच्याला केक दिला.

दुपारी मैदानात बारा हजार माणसं. पंच वेगळा होता, तरुण, नाकावर चष्मा. वैयक्तिक शर्यत असली तरी रीत तीच. पहिलं वळण, दुसरं. हिरेक हळू चालत होता. मला कळत होतं की तो हिशेब मांडतोय. आतून पाच शर्यती, पाच विजय, पंधरा गुण. गळ्यात हार, शेवटचा हंगाम, नाव क्लेमेन्सच्या कपवर. तिसरं वळण आलं. पंच या वेळीही आतल्या कडेला होता. हिरेकला नुसतं पुढे चालायचं होतं. टाच दाबायचीही गरज नव्हती.

त्याने पंचाला हाक मारली. बाहेरच्या कडेवर गेला आणि सगळं वजन डाव्या पायावर टाकलं. मी गेले आत. घोटा गेला, पट्टा गेला. तो तसाच उभा राहिला, चिखलात खूर अडकलेल्या घोड्यासारखा.

"हे आम्ही केलंय," तो म्हणाला. "नांगराने. ऑगस्टातही केलं होतं. तेव्हा मी धावण्याजोगा म्हणालो."

पंचाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग वाकून हाताने माती उकरली. हिरेकचं बोलणं संपायच्या आत तेओफिल ट्रॅक्टर घेऊन निघाला होता. रोलर आधीच जोडलेला. कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच जोडून ठेवला होता त्याने.

ते वळण भरायला, दाबायला दीड तास लागला. मित्रांनो, त्या दीड तासात मी जे ऐकलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. लोक शिट्ट्या मारत होते, कोणी ओरडत होतं की प्लुताला म्हातारपण लागलं, कोणी सॉसेजचा कागद फेकला. ऑगस्टात खांद्यावर घेणारे हेच. चेअरमन बोलेस्ता कुंपणापाशी आले. आवाज न चढवता म्हणाले, "क्लबचं नाव घालवलंस."

"नाव त्या खड्ड्यातच होतं, साहेब," हिरेक म्हणाला. "मी फक्त दाखवलं."

मग शर्यत झाली. ट्रॅक कडक आणि सपाट. गोष्टीत असं असतं की खरं बोलणारा शेवटी जिंकतो. गोष्टी लिहिणाऱ्यांनी कधी सांधलेला घोटा घेऊन कडक ट्रॅकवर धावून पाहावं. हिरेकने सात गुण काढले. सोळा जणांत नववा. पण बाहेरच्या कडेने भिंतीला चिकटून माणसं गेली, वीसही शर्यतींत गेली, आणि सोळाच्या सोळा जण आपल्या पायांनी चालत घरी गेले.

शर्यत संपल्यावर तो कुंपणाशी बसून माझा पट्टा सोडत होता. लेओन कुबड्या टेकत आला. एक पाय दोन बोटं आखूड झालेला. तो पुन्हा गाडीवर बसणार नाही, हे तोवर त्याला सांगून झालं होतं. पंचाशी झालेलं बोलणं एव्हाना गावभर गेलेलं. लेओनने माझ्याकडे पाहिलं. टिचकी मारली नाही.

"दोन महिने उशीर केलास," तो म्हणाला.

"हो," हिरेक म्हणाला.

बस. एवढंच. लेओन गेला. पुढेही त्यांची दोस्ती जुळली वगैरे काही झालं नाही. रस्त्यात भेटले तर मान हलवतात. हिरेकचं कप्तानपद त्याच आठवड्यात गेलं, आणि तो भट्टीवर विटा मोजू लागला. तिसऱ्या वळणावर मात्र त्यानंतर नांगर फिरला नाही. पंच आता बाहेरच्या कडेनेच चालतात, आणि आधी स्वतःची टाच दाबतात.

मी कुठे आहे? क्लबच्या खोलीत, काचेच्या कपाटात. महिन्यातून एकदा मला तेल चोपडतात, गंज म्हणून माझ्यावर एक ठिपका नाही. शाळेतली मुलं रांगेने येतात आणि त्यांचे सर माझ्याखालची पाटी मोठ्याने वाचतात. ऑगस्टचा आव्हान सामना, चौदा गुण, रुदाव्कावर विजय. त्याच सपातीने माती ओढून खड्डा झाकला होता, हे पाटीवर नाही. चेअरमननी लिहवून घेतलेली पाटी आहे ती.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला फेकू नका, पुसत जा, जपा. मला तसलं काही नको. मला तेल नाही लावलंत तरी चालेल, पोलाद सावकाश मरतं. तुम्ही जमीन जपा, जिच्यावरून तुमच्यामागे दुसरं कोणी जाणार आहे. ती शाळेची पायरी असेल, विहिरीचा कठडा असेल, झोक्याची दोरी असेल. "ठीक आहे" म्हणायची पाळी तुमच्यावर येईल, आणि सगळे घाईत असतील. तेव्हा टाच दाबून पाहा. आत गेली, तर तिथेच उभे राहा आणि सगळ्यांदेखत सांगा. पायाने माती ओढू नका.

आणि कधी ओल्शांकाला आलात, तर त्या सरांना माझा निरोप द्या. पाटी चुकीच्या दिवसाची आहे. हिरेक प्लुता, ऑक्टोबर, सात गुण, नववा क्रमांक. ते लिहा म्हणावं.